सवय कुणाला होते?



घरात कुणाला ताप आला किंवा घसा दुखू लागला, की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं : "मागच्या वेळच्या दोन गोळ्या डब्यात उरल्यात बघ, त्याच घे." दुसरं : "सारखं औषध घेऊ नये, अंगाला सवय होते." गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकच माणूस बोलतो! आमच्या घरी ती आजी बोलायची.

अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषधांपुरतं बोलायचं तर आजीचं थोडंसं चुकत होतं. सवय होते हे खरं, पण ती आपल्या अंगाला नाही. ती होते जंतूंना!

पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघालात, की पिंपरीला 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना लागतो. तिथले लोक त्याला नुसतं 'एच. ए.' म्हणतात. सरकारने तो १९५४ साली स्थापन केला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. ज्या न्यूमोनियाने, ज्या चिघळलेल्या जखमेने माणसं दगावत, ती आता बरी होऊ लागली. लोकांना ते औषध जादूसारखं वाटलं यात नवल काय?

पण पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली, नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच धोका सांगून ठेवला होता. औषध अपुरं घेतलं, तर जंतू मरायचे नाहीत. उलट ते औषधाला दाद देईनासे होतील.

हे कसं होतं? समजा, जंतूंची मोठी फौज आहे. औषध आलं की दुबळे आधी मरतात. एखादा चिवट असतो, तो तग धरतो. भरपूर खाणं आणि ऊब मिळाली तर काही जंतू दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. तुम्ही सकाळी १० ला शाळेत जाऊन ५ ला घरी येईपर्यंत एकाचे २० लाखांच्या वर! आणि हे सगळे चिवट.

याहून मोठी लबाडी पुढेच आहे. परीक्षेत काही मुलं कॉपीची चिठ्ठी पुढे सरकवतात ना? (तुम्ही नाही, मला माहीत आहे!) जंतूंकडेही अशी चिठ्ठी असते. तिचं नाव प्लाझ्मिड. औषधाला कसं चकवायचं, ते त्यात 'लिहिलेलं' असतं. एक जंतू ती दुसऱ्याला देतो, कधी कधी अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा.

आता डुकरांकडे येऊ. जगात कितीतरी ठिकाणी डुकरांना, कोंबड्यांना आजार नसतानाही खाद्यातून थोडं थोडं प्रतिजैविक दिलं जायचं. कशासाठी? तर ती लवकर वाढावीत म्हणून! काही देशांत अजूनही देतात. थोडं थोडं, रोज. फ्लेमिंग यांनी सांगितलेली चूक नेमकी हीच.

२००४ सालची गोष्ट. नेदरलँड्समध्ये सहा महिन्यांच्या एका मुलीची शस्त्रक्रिया व्हायची होती. आधीच्या तपासणीत तिच्या अंगावर एक जंतू सापडला. अनेक औषधांना तो दाद देत नव्हता. हा आला कुठून? तिचे आईवडील डुकरं पाळत होते आणि तो त्यांच्याकडेही निघाला! मग त्या भागातले इतर वराहपालक तपासले, तर त्यांच्यातही तो भलताच पसरलेला. पुढे त्या देशाने जनावरांची ही औषधं काही वर्षांतच निम्म्याहून कमी केली.

२०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी आणखी काळजीची बातमी दिली. इतर औषधं हरली की डॉक्टर जे अखेरचं म्हणून काढतात, त्या कोलिस्टिनलाही चकवणारी 'चिठ्ठी' डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातल्या रोग्यांतही सापडली. आपल्याकडेही हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना ते देण्यावर बंदी घातली.

"आम्ही तर मांस खातच नाही!" असं कुणी म्हणेल. पण चिठ्ठी तुमचं ताट बघत नाही. ती सांडपाण्यातून, मातीतून, हातांवरूनही फिरते.

मग आपण काय करायचं? आज आईबाबांना बरोबर घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यायचं, मध्येच आपल्या मनाने सोडायचं नाही, उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे प्रतिजैविक काहीच करत नाही. उगाच मागू नका. आणि हात साबणाने धुवा. चिठ्ठीचा रस्ता तिथेच अडतो.

आणि हो, आजी पुन्हा "सवय होते" म्हणाली, तर हसू नका. फक्त विचारा, "आजी, कुणाला गं?" मग तिला ही सगळी गोष्ट सांगा.