कांद्यावर कांदा : बेवड कोण ठरवतं?

‘जमीन थकली’ हे दोन शब्द निफाड, येवला, चांदवडकडच्या बैठकांत मी हल्ली इतक्यांदा ऐकते की बैठक कशासाठी होती हेच विसरायला होतं. विषय रेशनचा असो, नाहीतर दारूबंदीचा, चहाच्या वेळी बायका जमिनीवरच येतात. कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडते. करपा हटत नाही. पूर्वी एकरी निघायचा तेवढा माल निघत नाही, आणि चाळीत भरलेला उन्हाळ कांदा श्रावण सरायच्या आत सडायला लागतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : “मग यांनी आणखी एक गोणी युरिया टाकला.”

काही मैत्रिणी म्हणतील, हे शेतीच्या मासिकात लिहा, स्त्रियांच्या अंकात माती आणि खत कशाला? मला वाटतं, इथंच लिहायला हवं. वाफ्यात ओणवं बसून अंगठ्यानं एकेक रोप दाबणाऱ्या बायकाच. खुरपणी त्यांची, काढणी त्यांची, पात कापून गोण्या भरणं त्यांचं. टोपलीत खत घेऊन उघड्या हातानं फेकणाऱ्याही पुष्कळदा त्याच. शेताशी सगळ्यात जास्त तास ज्यांचा संबंध येतो, त्यांना त्या शेतात पुढच्या हंगामाला काय पेरायचं हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकानं जमिनीत मागं ठेवलेलं देणं म्हणजे बेवड. “कशाचा बेवड आहे?” असं विचारल्याशिवाय जुनी माणसं पेरणी करत नसत. हरभऱ्याचा, मुगाचा बेवड चांगला, कारण कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. आता त्याच रानात पावसाळ्यात पोळ किंवा रांगडा कांदा, आणि पुढं पुन्हा उन्हाळ. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे या बाजारांनी आणि विहिरीच्या पाण्यानं हे शक्य केलं. ज्या घरी कांद्यावर कांदा नाही, तिथं मका आणि कांदा. कागदावर ही फेरपालट दिसते, पण मका हाही नत्राचा खादाडच. दोन खादाड आलटून पालटून ताटावर बसवले म्हणजे ताटाला विश्रांती मिळाली असं होत नाही.

कांद्याचं मूळ कधी नीट पाहिलंय? आपण रोज उपटतो, म्हणून पाहत नाही. वीतभर खोल जातं, फारसं फाटे फोडत नाही. म्हणजे हे पीक सगळं जेवण वरच्या वीतभर मातीतून घेतं. हेक्टरी ४० टन कांदा निघाला तर त्याबरोबर साधारण ९० किलो नत्र, ३० किलोच्या वर स्फुरद आणि ५० किलोच्या वर पालाश शेतातून निघून जातं. ते ट्रॅक्टरमध्ये बसून लासलगावला जातं आणि परत येत नाही. सिंचनाबरोबर खाली झिरपलेलं नत्र वर खेचून आणायला तुरीसारखं खोल मुळांचं पीक लागतं. तेही आपण काढून टाकलं. वर्षानुवर्षं तोच यजमान मिळाला की मातीतल्या बुरश्यांचंही फावतं. मूळकूज, पांढरी सड यांचे अंश मातीत टिकून राहतात आणि पुढच्या रोपाची वाट पाहतात.

यावर उपाय म्हणून काय टाकलं जातं? जे स्वस्त ते. २०१० साली केंद्र सरकारनं अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणलं. त्यात स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव मोकळे झाले, युरियाचा भाव मात्र सरकारच्या हातात राहिला. २०२४ साली युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना होती आणि डीएपीची ५० किलोची १३५० ला. कांदा पडल्या भावानं विकून आलेला माणूस दुकानात कुठल्या गोणीकडे हात करील, हे सांगायला कृषी विद्यापीठ लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या महिन्यांत ज्यांचा माल मातीमोल गेला त्यांनी पुढच्या लागणीला पालाश टाकलं असेल असं मला वाटत नाही. दिल्लीतला निर्णय असा आपल्या वीतभर मातीपर्यंत पोचतो.

नत्र जास्त झालं की पात हिरवीगार, लुसलुशीत दिसते. घरचा कर्ता बांधावरून पाहून खूश होतो. पण मान जाड राहते, कांदा नीट वाळत नाही आणि चाळीत सडतो. टिकण्यासाठी पालाश लागतं, तिखटपणासाठी गंधक. गंधकाची गंमत अशी की पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं की ते आपसूक मिळायचं. डीएपी आली, तिच्यात गंधक नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही, अडकून बसतं. एक गोष्ट कमी पडली की बाकीच्या कितीही ओता, उपयोग नसतो. पीठ पोतंभर आहे आणि पाणी नाही, तर भाकरी थापायची कशी?

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथं एका शेतात १८४३ पासून गहू घेत आहेत. ज्या तुकड्याला कधीच खत दिलं नाही तिथंही हेक्टरी टनभर गहू येतो. म्हणजे माती लगेच मरत नाही, ती कमी देत राहते. आणि त्याच शेतात मध्ये दुसरी पिकं घेऊन मग गहू घेतला, की तो सलग गव्हापेक्षा जास्त येतो. आपल्या देशातही १९७० पासून ठिकठिकाणी असे दीर्घकाळाचे खत प्रयोग चालू आहेत. त्यांत नुसत्या नत्रावर ठेवलेले तुकडे मागं पडत गेले आणि संतुलित खताबरोबर शेणखत मिळालेले टिकले. आपल्या आज्यांना हे माहीत होतं असं म्हणून मी डोळे पुसणार नाही. त्यांना माहीत होतं, पण ठरवण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता.

आता ‘सेंद्रिय’वाल्यांबद्दल. शेणखताला माझा विरोध नाही, त्याशिवाय ही जमीन सावरणार नाही हे मला पटलेलं आहे. पण शिबिरात फळ्यासमोर उभा असलेला माणूस ‘घरच्या घरी जीवामृत करा’ म्हणतो तेव्हा मी विचारते, घरच्या घरी म्हणजे कोणी? शेण कोण उचलणार, उकिरडा कोण उपसणार, पिंप कोण ढवळणार? तणनाशक बंद केलं तर वाढलेली खुरपणी कुणाच्या कमरेवर? रसायनाची गोणी वाचली म्हणून नवरा हिशोब सांगतो, त्यात बाईचे तास कुठंच धरलेले नसतात. मातीचं देणं फेडायचं ते बाईच्या अंगमेहनतीतून, असा हा व्यवहार असेल तर मला तो मान्य नाही. धनगरांच्या मेंढ्या रानात बसवणं, ताग-धैंचा पेरून फुलोऱ्यावर नांगरानं गाडणं, हे बाईच्या डोक्यावर टोपली न देता होऊ शकतं. त्याची चर्चा आधी करा.

दुसरा पेच याहून अवघड आहे आणि आपल्या आपल्यातला आहे. कांद्याची लागण उक्ती जाते. सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी बायका मुकादमाच्या जीपमध्ये कोंबून येतात, खळ्यात राहतात आणि लागणी करून जातात. त्यांच्यासाठी कांदा म्हणजे हंगामभराची मजुरी. एका बैठकीत मी फेरपालटीबद्दल बोलत होते तेव्हा मागं बसलेली एक बाई शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही हरभरा पेरा, पण मग आम्ही काय करायचं?” हरभऱ्याला लागणीचं काम नाही, काढणीलाही आता यंत्र येतं. जमीनवालीची माती सावरते तेव्हा मजुरणीचे दिवस बुडतात. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण रोजगार हमीचा जन्म आपल्या राज्यात झाला, बांधबंदिस्ती आणि कंपोस्टचे खड्डे ही माती सांभाळण्याचीच कामं आहेत, ती त्या महिन्यांत निघावीत अशी मागणी तरी आपण दोघींनी मिळून करायला हवी. आणि मूग-हरभरा हमीभावानं खरोखर खरेदी होत नाही तोपर्यंत ‘फेरपालट करा’ हा उपदेश शेतकऱ्याला परवडत नाही, हेही उघड बोललं पाहिजे.

फेरपालट गेली त्याबरोबर ताटातूनही काहीतरी गेलं. बाजरीच्या पाभरीत मटकी, हुलगा, मूग असायचा, बांधाला चवळी, अंबाडी. ते बाजारात जात नव्हतं, म्हणून त्यावर बाईचा ताबा होता. कांदा सगळा बाजारात जातो, पट्टी त्याच्या नावावर निघते, आणि डाळ दुकानातून मोजून येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. कांद्यामुळे रक्तक्षय होतो असा माझा दावा नाही. पण घरच्या रानात कडधान्य नसणं आणि बाईच्या वाटीत वरणाचं पाणी येणं, यांचा संबंध आपल्यापैकी कुणाला समजावून सांगावा लागेल?

नाशिक जिल्ह्याला हा विचार नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा म्हणून. बाईच्या तुकड्यावर बाहेरून विकतचं फारसं न आणता करायची ‘सीताशेती’ही त्याच विचारातली. संघटनेच्या बाकीच्या अर्थकारणाशी माझे मतभेद आहेत आणि राहतील, पण जमीन आणि तिची राखण या दोन गोष्टी बाईच्या नावाशी जोडणं मला आजही योग्य वाटतं. १९९४ साली आपल्या राज्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के. बहिणीकडून हक्कसोड घेताना साडीचोळी करतात, तोच भाऊ पुढं जमीन थकली म्हणून रडतो.

ज्याचा सातबारा त्यालाच माती तपासणीचं कार्ड. २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली. त्यात नत्र-स्फुरद-पालाशापासून गंधक, जस्त, लोह, बोरॉनपर्यंत बारा गोष्टी तपासायच्या होत्या. योजना वाईट नव्हती. पण बागायतात अडीच हेक्टरला एक नमुना असा तिचा आराखडा होता, म्हणजे एकर-दीड एकरवालीच्या वाट्याला शेजाऱ्याच्या मातीचा निकाल. मी गावोगाव विचारत असते, ही पत्रिका कुणी वाचली? बहुतेक घरांत ती पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत असते. बाईनं ती पाहिलेलीच नसते.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिच्या विषयपत्रिकेवर माती तपासणी घालायला लावा. गेल्या वर्षी एका गावात ग्रामसेवकानं आम्हाला ‘हा महिलांचा विषय नाही’ म्हणून टाळलं. आम्ही सोबत नेलेली माती टेबलावर ओतली, मग विषय लिहिला गेला. नमुना घ्यायचा तो कांदा काढल्यावर आणि पुढचं खत पडायच्या आधी. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, कडेची माती तासून घ्यायची, सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवायची आणि सावलीत वाळवायची. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची घ्यायची नाही. अर्जावर शेतकऱ्याच्या नावाचा रकाना असतो, तिथं आपलं नाव लिहायचं. सातबाऱ्यावर नाव नसेल तर त्याच्याखाली ‘सातबारा नवऱ्याच्या नावे, कसते मी’ असं लिहायचं, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.