तापीचे तीर्थ आणि तापीचे पाणी

शहादा तालुक्यात तापी व गोमाई यांचा जेथे संगम होतो, त्या प्रकाशा क्षेत्रास आपल्या इकडील लोक दक्षिणकाशी म्हणतात. घरचे माणूस गेले म्हणजे त्याच्या अस्थी तेथे सोडावयाच्या, केदारेश्वराचे दर्शन घ्यावयाचे, आणि परतताना तापीचा तांब्या भरून आणावयाचा, ही अनेक घरांची रीत आहे. तो तांब्या देव्हाऱ्यात बसला, की त्यातील पाण्यास पाणी म्हणणेही पाप वाटू लागते. ते तीर्थ होते. मग आजाऱ्याच्या मुखी दोन थेंब पडतात, तान्ह्या मुलाच्या ओठासही एखादा थेंब लागतो. हे तीर्थ आणि घरातील हंड्यातले पाणी यांत भेद कोणता, असा प्रश्न कोणी केल्यास त्याला नास्तिक ठरविण्याची घाई होते. परंतु हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. तो थेंब ज्या मुलाच्या पोटात जातो, त्या मुलाचा आहे.

पदार्थ म्हणून पाहिल्यास या दोहोंत काडीचाही भेद नाही. बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून सुमारे 724 किलोमीटर वाहत तापी सुरतेच्या पुढे समुद्रास मिळते. पूर्णेच्या द्वारे वऱ्हाडचे आणि पुढे सर्व खानदेशचे पाणी तिच्यात येते. वाहून नेणे हा पाण्याचा धर्म; काय वाहावे व काय नाकारावे याची निवड पाणी करीत नाही. फुले टाकली तर ते फुले नेते, राख टाकली तर राख, आणि गटार सोडले तर गटार. घाटाची पायरी आली म्हणून नदी आपले ओझे वरच्या पायरीवर उतरवून ठेवीत नाही.

येथे विद्वान म्हणविणारे काही गृहस्थ शास्त्राचाच आधार पुढे करितात. आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे प्रसिद्ध केले, ही गोष्ट खरी आहे. परंतु कथा तेथेच सोडून चालावयाचे नाही. जंतूंस खाणारे अतिसूक्ष्म विषाणू असतात, असे पुढे शोधांती ठरले. 1917 साली पॅरिस येथे फेलिक्स द हेरेल यांनी त्यांस नाव दिले. आणि त्यांना ते सापडले कोठे? आमांशाच्या रोग्यांच्या मळात! जेथे जंतू पुष्कळ, तेथे त्यांचे हे भक्षकही पुष्कळ. म्हणून ते सांडपाण्यातही विपुल मिळतात. शिवाय प्रत्येक भक्षक ठराविक जंतूंसच मारितो, इतरांस हातही लावीत नाही. एवढ्याने नदी पवित्र ठरत असेल, तर गावच्या नालीसही तो मान द्यावा लागेल. तांब्याच्या भांड्याची गोष्टही तशीच. पाणी त्यात रात्रभर ठेविले तर जंतू कमी होतात हे खरे. पण तो गुण तांब्याचा, आणि विहिरीच्या पाण्यासही तो तितकाच लागू पडतो.

आता कायद्याने ठरविलेले माप पाहा. स्नानास योग्य अशा नदीच्या 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जंतूंची गणना 500 पर्यंत असावी, फार तर 2500 पर्यंत चालेल, असे मानक आहे. पिण्याच्या पाण्यात मात्र त्याच जातीचा एकही जंतू आढळता कामा नये. म्हणजे नदी स्नानाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, तरी पिण्याच्या परीक्षेत ती साफ नापास असू शकते. आणि आमचा भाविक काय करितो? ज्या ओंजळीने अंगावर पाणी घेतो, त्याच ओंजळीने आचमन करितो. दोन परीक्षांतील हा भेद कोणत्याही घाटावर त्याला कोणी समजावून सांगत नाही.

पाण्यात भेद नाही, तर मग तो येतो कोठून? तो मनुष्य आणितो. आणि कसा आणितो हे महाडने दाखवून दिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे सनातन्यांनी त्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले! गुरेढोरे पाणी पीत होती तोवर जे तळे बाटले नाही, ते माणसाच्या ओंजळीने बाटले, आणि गोमूत्र व शेण घालून निर्मळ झाले. या प्रकरणाचा निकाल उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास 17 मार्च 1937 हा दिवस उजाडावा लागला. पाणी तेच होते. पाहणाऱ्याचे डोळे तेवढे बाटलेले होते. डोळ्यांनी पाणी जसे अपवित्र होत नाही, तसे ते डोळ्यांनी स्वच्छही होत नाही.

मग तीर्थाचा मान सोडून द्यावा काय? आमचे म्हणणे तसे नाही. 1954-55 साली पुरातत्त्व खात्याचे बा. के. थापर यांनी प्रकाशा येथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. देवळाआधी वस्ती होती, आणि वस्तीआधी पाणी. ते पिण्यास चांगले होते म्हणून लोक राहिले, आणि त्या उपकाराच्या जाणिवेतूनच नदी माता झाली असावी, असे आम्हास वाटते. आपण मात्र हा क्रम उलटा केला आहे: माता म्हटले, म्हणून ते पिण्यास चांगले असलेच पाहिजे! नाथांनी रामेश्वरास न्यावयाची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. तिचा अर्थ हाच, की तहान भागविल्याने पाणी तीर्थ होते.

खुद्द आपल्या पूजाविधीतही वाट आहे. घरच्या पूजेत साध्या पाण्याच्या कलशात गंगा, यमुना, गोदावरी आदी नद्यांस आवाहन करितात. घरच्या पाण्यात गंगा येत असेल, तर उकळून गाळलेल्या पाण्यात येण्यास तिला कोणती अडचण? म्हणून मुखात घालावयाचे तीर्थ शुद्ध केलेल्या पाण्याचेच असावे; नदीचे पाणी अभिषेकास व वंदनास राहू द्यावे. निर्माल्य नदीत न टाकता त्याचे खत करावे. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीस आला म्हणजे गौतमेश्वराची जी मोठी यात्रा भरते, तिच्याआधी घाटावर एक ठळक फलक लागावा, आणि पाण्याच्या परीक्षेचे ताजे आकडे त्यावर मराठीत लिहिले जावेत.

हा खर्च डोईजड नाही. मिरचीची गोणी उघडून, माल हातात घेऊन, वास घेतल्यावाचून भाव न बोलणारा आमचा नंदुरबारचा व्यापारी पोटच्या पोराच्या तोंडात जाणारे पाणी मात्र न पाहता घेतो, हे त्याच्या लौकिकास शोभत नाही. तापीस माता म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. परंतु आई आजारी आहे की काय हे पाहण्यास जो वैद्य बोलावीत नाही, त्याच्या भक्तीस आम्ही भक्ती म्हणणार नाही.