डोकं थंड, हिशेब चुकीचा

ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघाला की आपल्या मंडळींत सुरक्षिततेची चर्चा कूलरपाशी येऊन संपते. मोठा हीटसिंक लावला, तीन पंख्यांचा रेडिएटर बसवला, स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान सत्तरच्या खाली दिसलं, की प्रोसेसर ‘सेफ’. पिनरमध्ये माझ्या ओळखीच्या घरांत काचेच्या पेटीतले, निळे-जांभळे दिवे लावलेले असे संगणक आहेत आणि त्यांचे मालक चांगले शिकलेले आहेत. तरी मी म्हणते की हे समीकरणच चुकीचं आहे. थंड प्रोसेसर बिघडतो, आणि बिघडल्याचं सांगतही नाही.

एके काळी ह्या उद्योगात अर्थ होता. १९९८चा सेलेरॉन ३०० ए आठवतो का? मदरबोर्डवरची बस ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३००चा प्रोसेसर ४५०वर धावायचा, आणि बऱ्याचदा सोबत आलेल्या साध्या पंख्यावरच. दीडपट वेग, तोही फुकट. कंपनीने चिपमध्ये शिल्लक ठेवलेलं आपण काढून घेत होतो. आज ती शिल्लक कंपनी स्वतःच विकते. कोअर आय ९-१४९००के खोक्यातून निघतो तोच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आणि २५३ वॅट खाऊ शकणारा. रस कारखान्यातच काढून झालेला असतो. आपण चिपाड पुन्हा चरकात घालतो आणि पाच टक्के निघाले म्हणून फोटो पाठवतो.

शिवाय ओव्हरक्लॉकिंग न करणाऱ्यांच्या घरीही ते होऊन गेलेलं असतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे. अनेक मदरबोर्डांवर विजेची मर्यादा मूळ सेटिंगमध्येच ४०९६ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही, अशी ठेवलेली होती. लोकांचे गेम बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा व्हिडिओ मेमरी संपल्याचा, म्हणून लोक ग्राफिक्स कार्ड तपासत बसले. दोष होता प्रोसेसरचा. २०२४ साली इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतली मंडलं झिजत होती. ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. आणि कूलरभक्तांसाठी खास बाब : सप्टेंबरमधली दुरुस्ती होती ती प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असताना मागितल्या जाणाऱ्या जादा व्होल्टेजसाठी. म्हणजे चिप थंड असतानाही नुकसानीचं एक कारण चालूच होतं. त्यावर कुठला रेडिएटर उपाय करणार?

चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या सरळ प्रमाणात. शेवटच्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून वेग चिमूटभर वाढतो आणि उष्णता ओंजळभर. कूलर ती उष्णता बाहेर नेतो, हे त्याचं काम तो इमानाने करतो. नॅनोमीटरांत मोजायच्या जाडीच्या थरांवर पडणारा विजेचा ताण मात्र त्याच्या हातातला नाही.

“पण मी रात्रभर प्राइम ९५ चालवून पाहिलं!” हे उत्तर मला हमखास मिळतं. प्राइम ९५ आलं ते मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून. संगणक चुकतात हे तो प्रकल्प इतकं गृहीत धरतो की वर्षानुवर्षे तिथे एका यंत्राचं उत्तर दुसऱ्या यंत्राकडून पुन्हा तपासून घेतलं जात असे. ज्यांच्या प्रोग्रॅमवर आपण एका रात्रीत प्रमाणपत्र काढतो, त्यांचा स्वतःचा एका यंत्रावर विश्वास नाही.

संशोधनात हाच मुद्दा जिवाचा असतो. तीन दिवस चालणारं गणित मध्येच कोलमडलं तर मी त्याला नशीब म्हणते, कारण निदान कळलं तरी. सातव्या दशांशावर चुकून गुपचूप पुढे गेलेलं गणित निबंधात जातं. २०२१मध्ये गूगल आणि फेसबुक, दोघांच्याही अभियंत्यांनी लिहिलं की त्यांच्या डेटा सेंटरांत काही प्रोसेसर कुठलीही सूचना न देता चुकीची उत्तरं देतात. ही यंत्रं कुणी ओढूनताणून पळवलेली नव्हती. त्याआधी, २०११मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास केला : वेग वाढवलेले जास्त कोसळत होते आणि नेमून दिलेल्यापेक्षा हळू चालणारे सर्वांत कमी. घरात आपण त्याच यंत्रावर आईबाबांचे जुने फोटो झिप करतो आणि कराचा हिशेब मांडतो. तिथे चूक झाली तर ती वर्षभराने कळेल, किंवा कधीच नाही.

“थंडीत खोली तरी गरम होते,” असंही एक लाडकं समर्थन आहे. होते ना! पण ह्या देशात विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग पडतं, तेव्हा ही शेकोटी राजेशाही आहे. आणि उन्हाळ्यात? कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. १९ जुलै २०२२ला इथून पंधराएक किलोमीटरवर, हीथ्रोला, ४०.२ अंश नोंदले गेले. त्या दिवशी लंडनमधल्या गूगलच्या डेटा सेंटरातलं शीतकरण बंद पडलं, गाइज आणि सेंट थॉमस रुग्णालयांच्या संगणक यंत्रणा कोसळल्या. एसी नसलेल्या, बंद दाराच्या बॉक्सरूममध्ये तीनशे वॅट ओतणाऱ्याने आपली तयारी त्यांच्याहून बरी आहे असं समजू नये.

शिकण्यासाठी जुन्या, टाकाऊ यंत्रावर मुलांनी हे जरूर करावं. जळलं तर जळलं. कामाच्या यंत्रावर मात्र सुई उलट फिरवा. बायॉस अद्ययावत करा आणि इंटेल असेल तर मदरबोर्डची ‘सुधारित’ सेटिंग काढून इंटेलची मूळ मर्यादा निवडा. रायझन असेल तर इको मोड लावा : १७० वॅटचा ७९५०एक्स ६५ वॅटच्या वर्गात बसवला तरी रोजच्या कामात फरक शोधावा लागतो. व्होल्टेज हाताने कमी करण्यापेक्षा विजेची मर्यादा खाली आणणं बरं. मग वेग आणि व्होल्टेजची जोडी चिप स्वतःच्या कारखानी तक्त्यातून निवडते. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे विसरू नका. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी अक्षरशः जळाले ते ह्याच वाटेने वाढलेल्या व्होल्टेजमुळे, आणि मग एएमडीला त्या व्होल्टेजवर १.३ची मर्यादा घालावी लागली. एवढं केलंत की तीनशे पौंडांचा रेडिएटर लागत नाही. एक साधा टॉवर कूलर आणि गालिच्यावरची धूळ खाऊन तुंबलेली जाळी दोन महिन्यांनी झटकणं, बस्स.