टेहळणी विमान आणि संग्रहालयाचे कर्तव्य

ज्या यंत्राची कामगिरी शक्य तितकी गुप्त राखावयाची असते, तेच यंत्र निवृत्तीनंतर सर्वांनी पाहावे म्हणून उघडपणे मांडले जाते, ही वेगवान टेहळणी विमानांच्या आयुष्यातील एक विलक्षण विसंगती होय. परंतु पाहणे म्हणजे समजणे नव्हे. आणि समजावून देण्याचे काम संग्रहालयांचे आहे.

भारतीय वायुदलाने सोव्हिएत बनावटीचे मिग-25 हे टेहळणी विमान 1981 मध्ये स्वीकारले. बरेली येथील 102 क्रमांकाच्या तुकडीत पंचवीस वर्षे सेवा करून 2006 च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. त्यांपैकी एक विमान दिल्लीतील पालम येथे वायुदलाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.

जबलपूर जिल्ह्यातील पाटन येथील एखादा विद्यार्थी तेथे जाऊन उभा राहिला, अशी कल्पना करावी. विमानाचा वेग ध्वनिवेगाच्या अडीचपट, एवढेच त्याला सांगितले, तर तो आकडा पाठ होईल. बोध होणार नाही. उलट असे सांगावे, की त्या वेगाने पाटनहून नागपूरच्या आकाशात पोहोचण्यास साडेपाच मिनिटे पुरतात, आणि पाटनवर वीस किलोमीटर उंचीवर गेलेल्या वैमानिकाचे क्षितिज सुमारे पाचशे किलोमीटरांवर असते. मग तोच आकडा त्याच्या ओळखीचा होतो.

यापुढचे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. या वेगात विमानाच्या नाकाशी दाबली जाणारी हवा दोनशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते. त्या उष्णतेत नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे बळ घटते. म्हणून मिग-25 चा सांगाडा मुख्यतः निकेलयुक्त पोलादाचा, जोडकाम करून बांधलेला आहे. अमेरिकेच्या एसआर-71 या विमानासाठी टायटेनियमचा मार्ग पत्करण्यात आला. एकाच अडचणीला दोन देशांनी दिलेली ही दोन उत्तरे होत. जबलपुरात तोफांचे गाडे बनविणारा कारखाना 1904 पासून उभा आहे. ज्या मुलाच्या घरी पोलाद, जोडकाम आणि कातकाम यांची चर्चा नित्य चालते, त्याला हे उत्तर कठीण वाटण्याचे कारण नाही.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. एक पंचशतांश सेकंदात हे विमान जवळजवळ दीड मीटर पुढे सरकते. तेव्हा चित्र पुसट होऊ नये म्हणून त्या सरकण्याची भरपाई कॅमेऱ्यातच करावी लागते. वेग हा या विमानाचा गुण, तोच कॅमेऱ्याचा शत्रू. या दोहोंचा मेळ घालणे हीच खरी विद्या होय.

येथे एक आक्षेप संभवतो. संरक्षणाच्या गोष्टी जनतेपुढे किती मांडाव्यात? कोणत्या दिवशी कोणत्या प्रदेशावरून उड्डाण झाले, हे गुप्त राहिले तर तक्रार नाही. परंतु तापलेल्या धातूचे नियम कोणत्याही शासनाचे गुपित नाहीत. शिवाय आता उपग्रहांनी या विमानांचे बरेचसे काम आपल्याकडे घेतले आहे. भारताने 2001 मध्ये सोडलेल्या प्रायोगिक उपग्रहाने एक मीटरपर्यंतचा तपशील टिपला. जुने तंत्र समजावून दिल्याने काही बिघडत नाही. न दिल्याने मात्र एक पिढीचे शिक्षण बुडते.

एसआर-71 जातीचे एक विमान 6 मार्च 1990 रोजी लॉस एंजेलिसहून निघून 64 मिनिटांत वॉशिंग्टनला पोहोचले, आणि पुढे तेथील संग्रहालयात छताखाली सुरक्षित ठेवण्यात आले. केवळ विक्रमाचे कौतुक हा त्याचा लाभ नव्हे. ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून यंत्र वाचले, तरच त्याचे सांधे पुढील पिढ्यांना तपासता येतात.

तेव्हा प्रत्येक अशा विमानापाशी त्याच्या धातूचा एक तुकडा, त्याचा कॅमेरा, वैमानिकाचा दाबयुक्त पोशाख आणि सोप्या भाषेतील खुलासा ठेवावयास हवा. तो हिंदीप्रमाणे मराठीतही असावा. ही विमाने लोकांच्या पैशाने उडाली. पंचवीस वर्षे त्यांनी देशासाठी पाहिले. आता देशातील मुलांना त्यांच्या अंतरंगात पाहू देणे, हेच त्यांच्या सेवेचे उचित मोल ठरेल.