मुदत संपलेला पट्टा

पौड मागे टाकून ताम्हिणी घाटाकडे निघण्यापूर्वी टायरमधील हवा, ब्रेक आणि वायपर यांची तपासणी बहुतेक कुटुंबे करतात. इंजिनाच्या झाकणाआड फिरणाऱ्या पट्ट्याची आठवण मात्र क्वचितच होते.

पिस्टनच्या वरखाली होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो. कॅमशाफ्ट झडपांची उघडझाप करतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी लागते. हा मेळ टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन राखते.

बेल्ट म्हणजे काचतंतूंनी बळकट केलेला दातेरी रबरी पट्टा. तो हलका असतो, आवाज कमी करतो आणि सहसा तेलाविना कोरडाच फिरतो. चेन पोलादी असते व इंजिनातील तेलावर चालते. पुणे जिल्ह्यातच दोन्ही पद्धती नांदल्या. १९९८ साली आलेल्या, पिंपरीत घडलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनात बेल्ट होता. रांजणगावी तयार झालेल्या १.३ मल्टिजेट इंजिनात चेन होती.

खरा भेद मोडण्याच्या रीतीत आहे. झिजलेली चेन सैल पडते आणि बहुधा सकाळी गाडी सुरू करताना खडखडून सूचना देते. बेल्ट बहुतेक वेळा सूचना न देताच तुटतो. तुटताच इंजिन बंद पडते. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग जड होते आणि काही वेळा दाबल्यानंतर ब्रेकही जड होतात. अनेक इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळून त्या वाकतात. काही हजारांत भागणारे काम मग इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

म्हणूनच बेल्टला मुदत असते. गाडीच्या पुस्तिकेत ती किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असते. जी आधी भरेल ती खरी. जुनी गाडी घेताना येथेच फसगत होते. ‘फार चाललेली नाही’ हे ऐकून ग्राहक निश्चिंत होतो. परंतु उभ्या गाडीतही रबराचे वय वाढतच असते. बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे आणि बदलताना टेन्शनरही नवा घालावा. चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये; वेळेवर बदललेले तेल हेच तिचे आयुष्य.

घसारा हिशेबात धरला नाही, म्हणून झीज थांबत नाही. पावसाळी सहलीचा दिवस ठरवण्याआधी पुस्तिकेचे ते एक पान अवश्य उघडावे.