डेव्हलपरच्या कमिट मेसेजमध्ये पूर्ण लिंक हवीच



बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेण्याच्या व्हिडिओत कमिट मेसेजचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. तो आज नीट सांगतो, कारण यात माझे पैसे गेलेत.

कोडमध्ये बदल केला की डेव्हलपर सोबत एक नोंद लिहितो, तो कमिट मेसेज. आपल्या टॅलीतलं नॅरेशनच समजा. माझ्या टाइल्सच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डेव्हलपरने एक ओळ घातली होती: बिलात लावलेल्या गाडीभाड्यावरही मालाच्याच दराने, म्हणजे १८ टक्के जीएसटी. एकदम बरोबर. सीएंचा मेलही त्याने इश्यू नंबर ४१ मध्ये जोडला होता. मेसेजमध्ये मात्र एवढंच, "बोलल्याप्रमाणे केलं, #४१". तो मुलगा गेला. नव्याने कोड दुसऱ्या साइटवर हलवला, इश्यू मागेच राहिले. ही ओळ चुकून पडली असेल असं वाटून त्याने ती काढली. ११ दिवस बिलं कमी टॅक्सने गेली. फरक मी खिशातून भरला, गिऱ्हाइकाकडे कुठल्या तोंडाने मागणार?

पोरांना दोष देत नाही. पद्धत मीच घालून दिली नव्हती.

पद्धत तयारच आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ज्या लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट बनवलं, तिथे मेसेजच्या शेवटी स्वतंत्र ओळीत 'लिंक:' लिहून पुढे पूर्ण पत्ता देतात. जुन्या कमिटमधली चूक सुधारली असेल तर 'फिक्सेस:' लिहून त्या कमिटच्या आयडीची किमान पहिली १२ अक्षरं आणि कंसात त्याचं शीर्षक. ओळ लांब झाली तरी मध्ये तोडायची नाही. आणि मला सगळ्यात पटलेलं: लिंक न उघडताही बदलाचं कारण मेसेजमधूनच कळलं पाहिजे.

आता काही जण म्हणतील, सर, गिटहबवर 'फिक्सेस #४१' लिहिलं की इश्यू आपोआप बंद होतो, मग लांबलचक पत्ता कशाला? सोय आहे, मान्य. पण तो नंबर त्या रेपॉझिटरीपुरताच. दोन्ही लिहा ना, काय बिघडतं? शॉर्ट लिंक मात्र नको. ती कंपनी बंद झाली की लिंक गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं असेल तर काय ठरलं ते मेसेजमध्येच लिहायला लावा.

शेवटचा हप्ता देण्याआधी डेव्हलपरकडून मागचे वीस कमिट मेसेज मागून बघा. त्यात 'अपडेट', 'फायनल', 'फायनल २' असलंच काही दिसलं, तर हप्ता दोन दिवस थांबवा. वाईट वाटून घेऊ नका.