रात्रीसाठी एक डेक उघडा ठेवा

क्रूझवर बाल्कनीची केबिन घ्यावी का, हा प्रश्न या सदराकडे नेहमीच येतो. या वेळी एका वाचक बाईंनी त्याच्या पुढचं विचारलं आहे: बाल्कनीतच रात्री झोपलं तर चालतं का? माझं उत्तर असं की चालतं, आणि प्रकृती साथ देत असेल तर एक रात्र तरी जरूर झोपावं. जहाजावरच्या तिकिटात बाल्कनीचे पैसे सगळ्यात जड असतात. तरीही बहुतेक लोक तिथे सकाळचा चहा घेतात, संध्याकाळी फोटो काढतात आणि रात्री काचेचं दार सरकवून थंड केलेल्या खोलीत झोपून जातात. समुद्र खरा जवळ येतो तो त्यानंतर.

त्या बाईंसाठी आधी कामाच्या गोष्टी सांगतो. जहाज साधारण वीस नॉट्सच्या वेगाने जातं, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी तेवढा वारा जहाज स्वतःच तयार करतं. म्हणून पुढच्या टोकाची बाल्कनी झोपायला वाईट. तिथे वारा तर असतोच, शिवाय ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांना अंधारातलं नीट दिसावं म्हणून तिथल्या प्रवाशांना रात्री दिवे बंद ठेवायला आणि पडदे ओढून घ्यायला सांगतात. अगदी मागच्या बाल्कनीत वारा कमी, पण खालच्या पंख्यांची थरथर पाठीला जाणवते आणि कधी चिमणीची काजळी येऊन बसते. मधल्या भागातली, फार वरची नसलेली बाल्कनी सगळ्यात बरी.

आपल्याकडच्या मुंबई–गोवा–लक्षद्वीप फेरीचंच पाहा. हिवाळ्यात किनाऱ्याने वारा बहुतेक उत्तरेकडचा असतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी येतो आणि जहाजाचा वेग त्यातून वजा होतो, म्हणून जातानाची रात्र शांत, उबदार. परतताना तोच वारा समोरून येतो, वेगात मिळतो आणि पांघरूण हातात ठरत नाही. एकच रात्र बाहेर काढायची असेल तर जातानाची काढा. जाताना डाव्या हाताला कोकणचा किनारा असतो: दीपगृहं, मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे, आणि किनारा जवळ असेल तर पहाटेकडे जमिनीवरून येणारा मतलई वारा. उजव्या हाताला नुसता काळोख. मी उजवी बाजू घेतो.

बाहेर झोपताना काचेचं दार पूर्ण बंद करा. उघड्या दाराने खोलीत दमट हवा शिरते, भिंतींना पाणी सुटतं आणि कित्येक जहाजांवर दार उघडं राहिलं की त्या खोलीचा एसी आपोआप बंद पडतो. पहाटे चादर दमट आणि खारट होणार, हे धरून चला. बंदराला लागायच्या आधी जहाज आडवं सरकवणारे पंखे सुरू होतात, त्या आवाजाने जाग येतेच. कठड्याबद्दल फार भीती नको. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने तो किमान ४२ इंच उंच हवा असं ठरवलं आहे, आणि झोपलेला माणूस तेवढ्यावरून जात नाही. पण खुर्ची कठड्याला टेकवू नका, मद्य घेऊन बाहेर झोपू नका, लहान मुलांना तिथे झोपवू नका. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीनेही गुंगी येते, हेही लक्षात असू द्या.

आता गादीबद्दल. ‘बाल्कनीत झोपू नका’ असं मला कुठल्या जहाजावर कुणी सांगितलेलं नाही. ‘गादी बाहेर नेऊ नका’ असं मात्र सांगतात. केबिनची व्यवस्था पाहणारा माणूस, आणि तो बरेचदा गोव्याचा तार्वटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा असतो, हात जोडून नाही म्हणतो. प्रवाशांना हा आडमुठेपणा वाटतो. तो तसा नाही.

२३ मार्च २००६ च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे चाललं होतं. तीनच्या सुमारास एका बाल्कनीत आग लागली. टाकलेलं सिगारेटचं थोटूक हे बहुधा कारण, असं चौकशीत निघालं. बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या होत्या, खुर्च्या प्लास्टिकच्या. बाल्कनी ही बाहेरची जागा धरलेली, म्हणून तिथे धूर ओळखणारं यंत्र नव्हतं आणि पाण्याचे फवारेही नव्हते. चालत्या जहाजाच्या वाऱ्यावर आग बघता बघता मजले चढली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सोलास म्हणतात, बदलण्यात आला. जुलै २००८ पासून बाल्कनीतल्या आडभिंतींवर आणि सामानावर आगीच्या दृष्टीने बंधनं आली. सहज पेटणारं सामान ठेवायचं असेल तर आग ओळखणारी यंत्रणा आणि फवारे हवेत. त्या हिशेबात खोलीतली जाड गादी कुठेच बसत नाही. वरच्या मजल्यावरून कुणी चोरून ओढलेल्या सिगारेटची ठिणगी खाली काय करू शकते हे एकदा दिसून गेलं आहे. तेव्हा गादीचा हट्ट नको. लांब आरामखुर्ची मागा, तिची बैठक आणि एक पांघरूण पुरतं, आणि सकाळी पांघरूण आत घ्या. मोकळं राहिलं तर ते वाऱ्याने शेजारच्या बाल्कनीत जाईल नाहीतर समुद्रात.

इतकं सगळं करून बाल्कनीत पडलं की एक उणीव मात्र टोचत राहते. डोक्यावर आकाश नसतं. डोक्यावर असतो वरच्या बाल्कनीचा तळ. दोन्ही बाजूंना आडभिंती, त्यामुळे समोरचा आकाशाचा एक तुकडा तेवढा आपला. जानेवारीत रात्री साडेदहा-अकराला अगस्त्याचा तारा दक्षिणेला त्याच्या सगळ्यात उंच जागी चढलेला असतो, फेब्रुवारीत पहाटे तीनच्या सुमारास त्रिशंकू उभा असतो. लक्षद्वीपजवळ हे दोघंही मुंबईपेक्षा बरेच वर दिसतात. पण दक्षिणेला निघालेल्या जहाजाची दक्षिण म्हणजे त्याचं नाक, आणि बाल्कन्या पाहतात पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. जे पाहायला बाहेर झोपायचं तेच आडभिंतीमागे जातं.

म्हणूनच बाल्कनीवर माझं समाधान होत नाही. उघड्यावर झोपणं ही जहाजावर एके काळी सगळ्यांची गोष्ट होती. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटी तांबड्या समुद्रातून जाऊ लागल्या. उन्हाळ्यात त्या समुद्राचं पाणीच तीस अंशांच्या वर असतं. केबिनच्या गोल खिडकीतून पत्र्याचं सूप बाहेर काढून वारा आत वळवायचा प्रयत्न व्हायचा. पण वारा पाठीमागून जहाजाच्याच वेगाने येत असेल तर हवेची झुळूकही लागत नाही. अशा रात्री पहिल्या वर्गातले साहेबही डेकवर झोपायचे. नोकर गाद्या वर आणून घालत. बायकांसाठी एक बाजू, पुरुषांसाठी दुसरी. पहाटे खलाशी डेक धुवायला येण्याआधी सगळ्यांनी उठायचं. हे खलाशी बरेचसे आपल्या रत्नागिरीकडचे, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, जेवणघरात गोवेकर. पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटींचं रोजचं काम या किनाऱ्याच्या माणसांनी पेललं.

२९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ या पी अँड ओच्या बोटीने निघाले. तिकीट दुसऱ्या वर्गाचं. त्यांचा दिवस डेकवर जाई आणि झोपही डेकवरच होई.

आपल्या कोकणच्या बोटीवर तर डेक हाच वर्ग होता. भाऊच्या धक्क्याला गर्दीतून वाट काढत वर जायचं, सतरंजी पसरून जागा धरायची, वळकटी उशाला घ्यायची आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजी. वाटेतल्या बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला जायची. त्या प्रवासाचे हाल मला गोड करून सांगायचे नाहीत. गर्दी असायची, ओकाऱ्या असायच्या, आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली तेव्हा सहाशेवर माणसं गेली. पण चाकरमान्याच्या खिशाला परवडणाऱ्या तिकिटात त्याला रात्रभर पुरं आकाश मिळत होतं, हेही तितकंच खरं.

पुढे केबिन थंड होऊ लागल्या आणि माणसं आत गेली. १९८४ मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ आलं. त्यातल्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि कितीतरी केबिनना स्वतःची बाल्कनी होती. तिथून बाल्कनी वाढत गेली. २००९ च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर तर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे पाहतात. २०१८ च्या ‘सेलेब्रिटी एज’वर पुष्कळ केबिनमध्ये वेगळी बाल्कनी उरलीच नाही, बटण दाबलं की मोठ्या काचेचा वरचा भाग खाली सरकतो. बाहेरच्या हवेला पैसे लागू लागले, आणि ज्याची केबिन आतल्या बाजूला आहे त्याच्या रात्रीत समुद्र उरलाच नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जहाजाने रात्री अकरा ते पहाटे साडेपाच एक वरचा डेक झोपणाऱ्यांसाठी ठेवावा. तिथे गाणी नकोत, मद्य नको, सिगारेट नको. दिवे खाली, पायांपाशी लावलेले. तीस-चाळीस आरामखुर्च्या, आग न धरणारी पांघरुणं, एक पहारेकरी. बायकांसाठी वेगळा भाग आणि पहाऱ्याला एक बाई. नाव नोंदवायचं आणि ज्याचा नंबर लागेल त्याने झोपायचं, मग त्याची केबिन कुठल्याही भावाची असो.

कंपन्या म्हणतील, रात्रीच डेक धुतात, आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? धुण्याचा प्रश्न पी अँड ओने शंभर वर्षांपूर्वी वेळ बांधून सोडवला होता. आजचीही उदाहरणं आहेत. ‘सीड्रीम’ कंपनीच्या दोन्ही छोट्या जहाजांवर बाल्कन्याच नाहीत, तिथे पाहुण्याने सांगितलं की वरच्या डेकवरचा पलंग रात्रीसाठी लावून देतात. ती श्रीमंतांची चैन झाली, असं कुणी म्हणेल. तर १९६३ पासून चाललेली अलास्काची सरकारी फेरी घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून उत्तरेला जाणाऱ्या तिच्या बोटींवर केबिन न घेतलेले प्रवासी मागच्या डेकवर चिकटपट्टीने तंबू चिकटवतात, किंवा वर छप्पर आणि उष्णतेचे दिवे असलेल्या जागेत आरामखुर्च्यांवर झोपतात. शेजारी लेकुरवाळ्या बाया असतात, म्हातारी माणसं असतात. तिथला समुद्र थंड आहे, पाऊस सारखा आहे, तरी ते चालतं. अरबी समुद्रावर डिसेंबर ते मार्च पाऊस फार थोडा, रात्री उबदार आणि समुद्र बहुधा शांत. यापेक्षा सोयीचं पाणी कुठलं असणार?

मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं, म्हणजे बाल्कन्यांची लाट यायच्या आधीचं जहाज. त्यावर बाल्कनीच्या केबिन थोड्या आणि बहुतेक प्रवासी बंद खिडकीच्या नाहीतर आतल्या खोल्यांत. तिथे हा डेक सगळ्यात आधी हवा. त्या बाईंना आणि बाकी वाचकांना माझी विनंती आहे की पुढचं तिकीट काढताना केबिनचा भाव विचारून झाला की हेही विचारा: रात्री झोपायला डेक उघडा ठेवता का? फोनवर नको, लेखी विचारा, आणि उत्तर आलं की मला पाठवा. कुणाचं काय म्हणणं आहे ते याच जागी छापीन.